नवीन इअरफोन शंभर तास वाजवून ‘मोकळा’ करावा लागतो का?

लातूरला नीटची तयारी करणारा एक मुलगा सुट्टीत घरी आला होता. गाव नांदेड जिल्ह्यातले. वडील त्याला घेऊन माझ्या नांदेडच्या ओपीडीत आले. मुलगा म्हणाला, “सर, चार दिवस झाले, दोन्ही कानांत शिट्टी वाजायलीय. रात्री तर झोपच येईना.”

मी नेहमीचे प्रश्न विचारले. सर्दी झाली होती का? कानात पाणी, काडी गेली का? मिरवणुकीत डीजेजवळ उभा होतास का? सगळ्याला उत्तर नाही. मग हळूच म्हणाला, “नवीन इअरफोन घेतलाय सर.”

“किती वेळ लावतोस?”

“लेक्चर बघताना असतेच. पण ह्या आठवड्यात रात्रीपण गाणे लावून झोपलो. दुकानदार म्हणला, पहिले शंभर तास फुल्ल आवाजात वाजवायचा, तवा बेस खुलतो. तोवर आवाज दबलेलाच राहतो.”

वडील म्हणाले, “मलाबी तेच सांगितलं त्यानं. मी म्हनलं, नव्या गाडीसारखं असंल.”

कानाचे पडदे चांगले होते. मळही नव्हता. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी केली तेव्हा दोन्ही कानांत ४,००० हर्ट्झच्या आसपास आलेख थोडा खाली आलेला दिसला. मोठ्या आवाजाचा मार बसलेल्या कानात आम्हाला हा खड्डा नेहमी याच जागी दिसतो. इअरफोन पूर्ण बंद ठेवायला सांगितला. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासले तेव्हा आलेख जवळजवळ सरळ झाला होता आणि शिट्टीही थांबली होती. हा मुलगा सुटला. पण सगळेच सुटत नाहीत, आणि कोण सुटेल हे आधी सांगता येत नाही.

नवीन इअरफोन ‘मोकळा करावा’, ‘ब्रेक-इन करावा’, ‘बर्न-इन करावा’ हा सल्ला आता मोबाईलच्या दुकानात, व्हिडिओंमध्ये आणि होस्टेलच्या खोल्यांत सर्रास दिला जातो. त्यावर माझे मत एका ओळीत सांगतो. इअरफोनला या रुळण्याची गरज नाही, आणि हा प्रयोग इअरफोन कानात ठेवून करणे धोक्याचे आहे. असे का म्हणतो ते आता सविस्तर बघू.

हा समज आला कुठून?

दुकानदार मुद्दाम खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. रुळवाव्या लागणाऱ्या वस्तू आपल्या घरात भरपूर आहेत. नवी कातडी चप्पल पहिले आठ दिवस चावते, तेल लावून वापरली की मऊ पडते. बिडाचा नवा तवा तेल लावून तापवल्याशिवाय त्यावरून धिरडे सुटत नाही. तबल्याला नवी पुडी चढवली की कातडे ताणले जाते, म्हणून काही दिवस तो पुन्हा पुन्हा सुरात आणावा लागतो. पूर्वी स्कूटर घेतली की पहिले काही शे किलोमीटर सावकाश चालवा असे शोरूमवाले बजावून सांगत, कारण इंजिनातले भाग एकमेकांवर घासून नीट बसायचे असत.

म्हणजे त्या वडिलांची शंका अगदी शहाणपणाची होती. फक्त ती इअरफोनला लागू पडत नाही.

इअरफोनमध्ये काय असते? एक लहानसे चुंबक, बारीक तारेचे वेटोळे आणि त्याला चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा. हा पडदा केसाहूनही पातळ असतो. तारेतून वीज गेली की वेटोळे हलते, त्याबरोबर पडदा हलतो, पडद्याने हवा हलते आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. कान अगदी जवळ असल्याने या पडद्याला फार हलावेच लागत नाही. त्याची हालचाल डोळ्यांना दिसणारही नाही इतकी लहान असते. त्यात कातडे नाही, लाकूड नाही आणि एकमेकांवर घासणारे भागही नाहीत. मग शंभर तासांत मऊ पडणार तरी काय?

मोठ्या स्पीकरची गोष्ट थोडी वेगळी आहे. घरातला मोठा बॉक्स किंवा मंडपातला स्पीकर घेतला तर त्याचा कागदी शंकू रबराच्या किंवा कापडाच्या कडेवर टांगलेला असतो आणि बोटभर मागेपुढे हलतो. नवीन असताना ती कड थोडी ताठ असते, वाजवल्यावर जराशी सैल पडते. तीही बहुतेक पहिल्या काही मिनिटांतच. या थोड्याशा खऱ्या गोष्टीवरून तोच नियम इअरफोनलाही लावला गेला असावा, असे मला वाटते.

नवे हेडफोन यंत्राने मोजून, मग तासन्‌तास वाजवून पुन्हा मोजणारे हौशी आणि तज्ज्ञ लोक आहेत. काहींना काही मॉडेलमध्ये बारीक फरक सापडला, हे नाकारत नाही. पण तो फरक इतका लहान असतो, की तोच हेडफोन काढून पुन्हा घातला तरी साधारण तेवढा फरक पडतो. एखादा केस मागेपुढे झाला किंवा रबरी टोपी कानात थोडी तिरकी बसली की झाले.

आणखी एक साधी गोष्ट बघा. वापराने इअरफोनचा आवाज खरोखरच बदलत असता, तर काही इअरफोन चांगले झाले असते आणि काही बिघडले असते. “नवा होता तेव्हा छान वाजायचा, शंभर तासांनी खराब झाला, ब्रेक-इन करायलाच नको होते,” असे कोणी म्हटलेले तुम्ही ऐकले आहे का? मी नाही ऐकले. प्रत्येकाचा इअरफोन सुधारतोच. असे होते तेव्हा बदल वस्तूत आहे की ऐकणाऱ्यात, हे तपासायला हवे.

मग आठ दिवसांनी आवाज चांगला का वाटतो?

“सर, पण मला खरंच फरक जाणवला,” असे मुले सांगतात. ती खोटे बोलत नाहीत. फरक जाणवतो. त्याची तीन कारणे मला दिसतात.

पहिले कारण म्हणजे इअरफोन कानात बसणे. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते आणि ती सरळ नसते. प्रत्येकाची नळी वेगळी, स्वतःचे दोन कानही सारखे नसतात. रबरी टोपी आणि कान यांच्यात फट राहिली की सगळ्यात आधी बेस निघून जातो. पहिल्या दिवशी आपण इअरफोन कसाही खुपसतो. आठ दिवसांत हाताला नीट सवय होते, फट बंद होते आणि बेस येतो. तो इअरफोन ‘खुलला’ म्हणून आलेला नसतो. मोठ्या हेडफोनची गादी मात्र खरोखर मऊ होते आणि कानाभोवती नीट बसू लागते. त्यासाठी तो वापरावा लागतो, मोठ्याने वाजवावा लागत नाही.

दुसरे कारण आपला मेंदू. नव्या घरात पहिल्या रात्री पंख्याचा आवाज झोपू देत नाही, पंधरा दिवसांनी तो पंखा आहे हेही लक्षात राहत नाही. रेल्वे स्टेशनजवळ राहणाऱ्याला गाडी गेलेली कळत नाही, त्याच्या पाहुण्याला मात्र दचकून जाग येते. मेंदू सतत मिळणाऱ्या आवाजाशी जुळवून घेतो आणि त्यालाच ‘नेहमीचा’ ठरवतो. जुन्या इअरफोनची सवय असलेल्या मेंदूला नवा इअरफोन आधी तिखट किंवा दबलेला वाटतो. काही दिवसांनी तोच बरोबर वाटू लागतो. त्यातच आवाजाच्या बारीक छटांची आपली आठवण फार थोडा वेळ टिकते. दहा दिवसांपूर्वीचा आवाज आज आठवून तुलना करणे कोणालाच जमत नाही. पैसे खर्च केलेले असतात, ‘आता सुधारेल’ असे कोणीतरी सांगितलेले असते, मग तो सुधारल्यासारखा वाटतोच.

तिसऱ्या कारणाची डॉक्टर म्हणून मला भीती वाटते. मोठा आवाज बराच वेळ ऐकला की कान काही काळ बोथट होतो, विशेषतः बारीक, उंच स्वरांना. लग्नाच्या वरातीतून आल्यावर कान बंद झाल्यासारखे वाटतात, सगळे कापसातून ऐकू येते. हा अनुभव बहुतेकांना आहे. आता विचार करा. नव्या इअरफोनचा आवाज पहिल्या दिवशी टोचत होता. आठवडाभर पूर्ण आवाजात वाजवल्यावर टोचणे थांबले. दुकानदार म्हणेल, इअरफोन मऊ झाला. मी आधी कान तपासून बघेन. कदाचित तुमचा कानच तेवढा कमी ऐकू लागला असेल.

कानात नेमके काय होते?

कानाच्या आत कॉक्लिया नावाचा भाग असतो. आकार गोगलगाईच्या शंखासारखा, साधारण वाटाण्याएवढा. त्यात आवाज ओळखणाऱ्या केसपेशी असतात. एका कानात सगळ्या मिळून साधारण १५ हजार. एखाद्या लहान गावाच्या लोकसंख्येएवढ्या पेशींवर आपण जन्मभर ऐकतो. आईची हाक, एसटीचा हॉर्न, शाळेची घंटा, सगळे यांच्यातूनच जाते.

शेतातली ज्वारी वाऱ्याने थोडी कलली तर दोन दिवसांत पुन्हा उभी राहते. जनावरे शिरून तुडवली तर राहत नाही. केसपेशींचेही तसेच आहे. एखाद्या दिवशीच्या मोठ्या आवाजाने त्या कलतात आणि विश्रांती मिळाली की बऱ्याचदा सावरतात. रोज तुडवल्या की मरतात. ज्वारी पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते, केसपेशी पेरता येत नाहीत. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, माणसात नाही. आजही त्यांना परत आणणारे औषध, गोळी, थेंब किंवा तेल आपल्याकडे नाही. सुरुवातीला उंच स्वरांच्या पेशी जातात, म्हणून नुकसान लवकर लक्षात येत नाही. माणूस म्हणतो, “ऐकू येतंय, पण शब्द कळंना गेलेत.”

शंभर तासांचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेने इअरफोन वापरणाऱ्यांसाठी आठवड्याची मर्यादा सांगितली आहे. मोठ्या माणसांना ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो. लहान मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबलची. आवाज वाढला की वेळ झपाट्याने कमी होतो, कारण दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. ८५ डेसिबलला आठवड्याचे साडेबारा तास मिळतात, ९० डेसिबलला ४ तास आणि १०० डेसिबलला फक्त २० मिनिटे.

पूर्ण आवाजावर मोबाईल आणि इअरफोनच्या अनेक जोड्या १०० डेसिबल किंवा त्याच्याही पुढे जाऊ शकतात. आता तो ‘शंभर तास वाजवा’चा सल्ला कानात घालून बघा. ९० डेसिबलला शंभर तास म्हणजे २५ आठवड्यांचा वाटा. १०० डेसिबलला शंभर तास म्हणजे ३०० आठवड्यांचा, जवळजवळ पावणेसहा वर्षांचा वाटा. कशासाठी? जो बेस टोपीचा आकार बदलून दोन मिनिटांत मिळाला असता त्यासाठी.

“मग टेबलावर ठेवून वाजवला तर?” असे एका पालकांनी विचारले. वाजवा. कानात नसेल तर कानाला धोका नाही. फायदाही नाही, पण समाधान मिळत असेल तर माझी हरकत नाही. अडचण अशी की मुले तो टेबलावर ठेवत नाहीत. शंभर तास वाजवायचाच आहे तर ऐकत ऐकत वाजवू, असे त्यांना वाटते. बेस ‘बंद’ आहे म्हणून आवाज अजून दोन खाचा वर जातो.

यात खिशाचेही नुकसान आहे. इअरफोन खरोखर खराब निघाला तर बदलून मिळण्याची मुदत सहसा थोड्या दिवसांची असते. ‘अजून खुलायचाय’ म्हणून वाट पाहण्यात ती निघून जाते. इअरफोन पहिल्या दिवशी, नीट बसवल्यावर, मध्यम आवाजात आवडला नाही तर परत करा.

लातूर-नांदेडच्या मुलांबद्दल थोडे जास्त का बोलतो?

कारण आपल्याकडे इअरफोन आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. ‘लातूर पॅटर्न’च्या नावाने आसपासच्या सगळ्या जिल्ह्यांतून मुले लातूरला येतात. नांदेडलाही शिकवण्यांचे तेच चित्र आहे. एका खोलीत तीन-चार मुले राहतात. एकाचे लेक्चर दुसऱ्याला नको, म्हणून प्रत्येकाच्या कानात इअरफोन. शिकवणीत सहा तास, खोलीवर रेकॉर्ड केलेली लेक्चरे चार तास, मग जरा गाणी. शनिवारी घरी जायचे तर लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीत काही तास. गाडीच्या खडखडाटात ऐकू यावे म्हणून आवाज आणखी वर. सणात डीजे आहेच.

कानाला या सगळ्याचे वेगवेगळे खाते नसते. लेक्चर अभ्यासासाठी ऐकले म्हणून कान सूट देत नाही. आठवड्याचा सगळा आवाज एकाच खात्यात जमा होतो. ज्या मुलाचे खाते अभ्यासानेच भरत आले आहे, त्याला ‘रात्री झोपताना शंभर तास पूर्ण कर’ असे सांगणे मला अपराधासारखे वाटते. या मुलांना उद्या स्टेथोस्कोप लावून हृदयाचा बारीक आवाज ऐकायचा आहे.

जिथे खरोखर रुळावे लागते

त्या दिवशी तपासणी झाली, मुलगा औषधाच्या दुकानात गेला, आणि वडील दारातून परत आले. “सर, आमच्या बाबांलाबी मागच्या साली कानाची मशीन घेतली होती. दोन दिवस लावली अन् पेटीत टाकून दिली. निस्ता गलबला येतोय म्हनतेत. मशीन खराब असंल का?”

मला हसूही आले आणि वाईटही वाटले. ज्या यंत्राला रुळण्याची गरज नव्हती त्याला या घराने शंभर तास दिले होते. जिथे खरोखर वेळ द्यायला हवा होता, तिथे दोन दिवसांत निकाल लावला होता.

श्रवणयंत्राची गोष्ट समजून घ्या. वय वाढताना ऐकणे हळूहळू, दहा-पंधरा वर्षांत कमी होते. मेंदूला त्या शांततेची सवय होते. मग एका दिवशी मशीन लावली जाते आणि भांड्यांचा खणखणाट, पंखा, कागदाची सळसळ, स्वतःचे चावणे, सगळे एकदम आत शिरते. स्वतःचा आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. कोणता आवाज कामाचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे निवडायची सवय मेंदूला पुन्हा लावावी लागते. त्याला काही आठवडे, कोणाला दोन-तीन महिने लागतात. यंत्र पहिल्या दिवसापासून तेच असते, रुळतो तो माणूस.

म्हणून घरच्यांना मी असे सांगतो. पहिल्या आठवड्यात मशीन घरातल्या शांत खोलीत, दिवसाला एक-दोन तास लावा. समोर बसून एकाच माणसाने सावकाश बोला, ओरडू नका. दुसऱ्या आठवड्यात वेळ वाढवा, घरातली चार माणसे बोलू द्या. मग अंगण, मग देऊळ, सगळ्यात शेवटी बाजार आणि लग्न. टोचत असेल, शिट्टी येत असेल, आवाज फार मोठा वाटत असेल तर मशीन पेटीत टाकू नका, जिथून घेतली तिथे ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन तिचे सेटिंग बदलून घ्या. असे दोन-तीनदा करावे लागते, त्यात मशीनचा दोष नाही. आणि ऐकण्याची तपासणी न करता घेतलेले, सगळेच आवाज सरसकट मोठे करणारे स्वस्त डबे श्रवणयंत्र समजू नका.

हे महत्त्वाचे का आहे? ऐकू न येणारा म्हातारा माणूस हळूहळू बोलायचा थांबतो. घरात असून घरात नसतो. पारावर जाणे बंद होते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० आणि २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांची यादी दिली, त्यात कमी ऐकू येणे हे एक कारण आहे. मशीन परवडत नसेल तर एडिप योजना, राष्ट्रीय वयोश्री योजना आणि राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना यांची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. कान तपासायला नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, दोन्हीकडे कान-नाक-घसा विभाग आहे.

नवीन इअरफोन घेतला, आता काय करू?

१. डब्यात आलेल्या सगळ्या मापांच्या रबरी टोप्या लावून बघा. डाव्या आणि उजव्या कानाला वेगळे माप लागू शकते. नीट बसला की बेस येतो.

२. आवाज मोबाईलच्या ६० टक्क्यांच्या आतच ठेवा. शेजारी बसलेल्याला तुमचे गाणे ऐकू येत असेल, किंवा हातभर अंतरावरचा माणूस ओरडून बोलल्याशिवाय कळत नसेल, तर आवाज जास्त आहे.

३. मोबाईलमध्ये आवाजाची कमाल मर्यादा ठरवता येते. मुलांच्या मोबाईलमध्ये ती आजच लावा.

४. लेक्चर बघताना तासाभराने दहा मिनिटे कान मोकळे ठेवा. खोलीत एकटे असाल तर इअरफोन काढून स्पीकरवर ऐका.

५. गोंगाटात आवाज वाढवू नका. एसटीत आणि ऑटोत इअरफोन खिशात असलेलाच बरा. रस्ता ओलांडताना आणि गाडी चालवताना तर अजिबात नको.

६. इअरफोन लावून झोपू नका. रूममेटचा इअरफोन वापरू नका. कान ओला असताना लावू नका, पावसाळ्यात कानाला बुरशी धरते.

७. काही महिन्यांनी आवाज एका बाजूने कमी झाला तर आधी जाळी बघा. बऱ्याचदा तिथे कानातला मळ अडकलेला असतो. कोरड्या मऊ ब्रशने साफ करा.

८. कानात शिट्टी वाजणे, कान बंद झाल्यासारखे वाटणे, शब्द न कळणे हे दोन दिवसांहून जास्त राहिले तर तपासून घ्या. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. त्यात पहिल्या काही दिवसांत उपचार सुरू झाले तर फायदा होण्याची शक्यता जास्त असते.

पुढच्या वेळी तो मुलगा आला तेव्हा आजोबांनाही घेऊन आला. मशीनचे सेटिंग बदलून घेतले, वर सांगितले तसे वेळापत्रक लिहून दिले आणि ते पाळायची जबाबदारी नातवावर टाकली. दोन महिन्यांनी वडिलांनी सांगितले की आजोबा आता सकाळ-संध्याकाळ मशीन लावतात, नातवाशी फोनवर बोलतात. बाजारात जाताना मात्र अजूनही काढून ठेवतात. चालेल. तेही होईल, अजून थोडा वेळ द्यायला हवा.

मुलाचा इअरफोन तोच आहे. आवाज निम्म्यावर असतो. मी विचारले, “बेस खुलला का?” तो म्हणाला, “सर, टोपी मोठी लावली. आता बराबर यायलाय.”

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या कानाच्या तक्रारीसाठी जवळच्या डॉक्टरांकडून प्रत्यक्ष तपासणी करून घ्या.)